अकरा रुपयांच्या अलीकडं

शेअर वर जाऊ नये म्हणून देवाला हात जोडणारा शेअरहोल्डर तुम्ही पाहिला नसेल. मी तो होतो. नुसते हात जोडून थांबलो असतो तर बरं झालं असतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. रिटायर झालो आणि सहा महिन्यांत बायको गेली. मुलगा बंगलोरला. सिडकोतलं घर दोनच खोल्यांचं, पण ते खायला उठायचं. पेपर जाहिरातींसकट वाचून झाला तरी घड्याळात साडेआठच. पुढं करायचं काय? देवळाच्या कट्ट्यावर बसून बघितलं, पण तिथले म्हातारे गुडघ्यांशिवाय दुसरं बोलत नाहीत. म्हणून औरंगपुऱ्यात एका ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसायला लागलो. कापडदुकानाच्या वरची माडी, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉम्प्युटरवर सौदे टाकणारा ऑपरेटर. पंखा फुकट, पाणी फुकट आणि माणसंही फुकट.

तिथं गुरुजी भेटले. कन्नड गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीनं यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ऑपरेटरला एका कंपनीचा भाव विचारला आणि मी खुर्चीतून उठलोच. विदर्भातली मँगनीजची एक बारकी खाण. तिचे शेअर घेणारा माझ्याशिवाय दुसरा मूर्ख या जिल्ह्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुमच्याकडं किती?" त्यांनी विचारलं.

"सहा हजार."

"माझ्याकडं चार. चला, चहा घेऊ."

त्या चहापासून मी त्यांचा 'स्टोअरसाहेब' झालो. मला त्या नावानं आधी कोणी हाक मारली नव्हती, नंतरही मारली नाही.

कंपनी एवढी बारकी की पेपरात तिचं नाव यायचं नाही. गुरुजींनी वार्षिक अहवालातून खाणीचा फोन नंबर शोधून काढला आणि एका शुक्रवारी एसटीडी बूथवरून लावला. उचलला वॉचमननं. साहेब कोणी नाहीत, म्हणाला. गुरुजी म्हणाले, "साहेब नको. तुम्हीच सांगा, आज ट्रक किती भरले?"

"तीन जी."

झालं! मग दर शुक्रवारी तोच फोन, तोच प्रश्न. तीन ट्रक म्हणजे बरं चाललंय, पाच म्हणजे पेढे. शहाणे लोक बॅलन्सशीट वाचतात, आम्ही वॉचमनला धरून होतो. एका दिवाळीला गुरुजींनी त्याला शंभराची मनीऑर्डर केली, 'पोरांना फटाके' असं लिहून. त्यातले पन्नास मी दिले, आणि तो आठवडाभर उगाच खुशीत होतो.

गुरुजींचं एक ठरलेलं होतं. अकराला घेतलाय, अकरालाच विकणार. त्या वेळी भाव सात-आठ रुपयांत घोटाळत होता. पैसे आले की घराच्या मागं पत्र्याची एक खोली बांधायची. मुलाचं घर माणसांनी भरलेलं आणि गुरुजींची खाट पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर. सगळे झोपायला गेले की मग त्यांनी झोपायचं. "सुनंचं काय वाईट नाय हो," ते म्हणायचे. "लई चांगली हाय. पण झोपताना कडी आपल्या हातानं लावता यावी माणसाला." आणि शेवटी हमखास, "खोली झाली की सुटलो. मग कशाला या बाजाराचं तोंड बघतो!"

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. घरी आल्यावर मात्र हिशेब मांडला. अकरा आले की गुरुजी गेले. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. बाकीचे वार तर माझ्या लेखी आधीच मेलेले होते. तुम्हाला पोरकटपणा वाटेल, वाटू दे. "जेवलात का?" म्हणून विचारणारं मला दुसरं कोणी नव्हतं. मुलगा रविवारी फोन करायचा, पण तो औषधांचं विचारायचा.

त्याच मुलानं मला घरी कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि बँकेत ऑनलाइन खातं उघडून दिलं होतं. माझे शेअर त्या खात्यात होते, त्यामुळं मी काय लावतो ते माडीवर कुणाला कळायचं नाही. आणि आमच्या शेअरला गिऱ्हाईक ते किती! दिवसाला पाचशे, फार तर हजार. अशा शेअरमध्ये एखाद्यानं मोठा माल एका भावाला विकायला लावून ठेवला, तर तो सगळा माल कोणी घेतल्याशिवाय भाव पुढं सरकत नाही. जन्मभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

पावसाळा संपता संपता भाव पहिल्यांदा साडेदहाला टेकला. एका मंगळवारी बाजार उघडला तसे मी घरून पाच हजार शेअर दहा रुपये नव्वद पैशांना विकायला लावले. सहाच्या सहा लावले असते तर गुरुजींनी आकड्यावरून ओळखलं असतं. एवढं डोकं चाललं माझं! विकायचे नव्हतेच मला. नुसतं वाटेत आडवं पडायचं होतं.

माडीवर पोचलो तर गुरुजी पडद्यासमोर उभे. "बघा, बघा! पाच हजार घेऊन कोण मुडदा बसलाय हा! ह्याच्या तोंडात माती पडो."

"असतात असे," मी म्हणालो आणि चहा सांगितला.

चार दिवसांत भाव परत नऊवर आला. थंडीत पुन्हा तेच झालं, पुन्हा मी आडवा पडलो, पुन्हा त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या नावानं शिव्या खाल्ल्या. लाज वाटत होती का? वाटत होती. पण जिन्यावर त्यांच्या वहाणा वाजल्या, पिशवीतून दौलताबादची सीताफळं निघाली, "घ्या स्टोअरसाहेब" म्हणाले, की लाज कुठल्या कुठं जायची.

तिसऱ्यांदा मात्र खरी गिऱ्हाइकं आली. मँगनीज महागल्याची बातमी होती, आणि शुक्रवार होता. घरून निघताना मी नेहमीसारखे पाच हजार लावून आलो होतो. गुरुजींनी येताच आपले चारही हजार अकराला विकायला टाकले आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. दुपारी बारापासून माझा माल जायला लागला. पाचशे गेले. हजार गेले. माडीवरची सगळी माणसं आमच्या भोवती गोळा झाली.

"गुरुजी, दहा नव्वदला टाका," ऑपरेटर म्हणाला. "दहा पैशांनी काय होतंय?"

"नाय. अकराला घेतलाय, तोट्यात नाय विकणार." मग माझ्याकडं वळले. "तुमचं काय मत, स्टोअरसाहेब?"

माझं मत! खाली उतरून बँकेला एक फोन केला असता तर माझा सौदा रद्द झाला असता आणि वाट मोकळी झाली असती. उठलो नाही. मी म्हणालो, "थांबा. अकरा येतील."

साडेतीनला बाजार बंद झाला. माझ्या पाच हजारांतले चार हजार तीनशे गेले होते. गुरुजींचा एकही नाही. मी वाटेत नसतो तर त्यांचे चारही हजार त्या दुपारी गेले असते, हे मी जिना उतरता उतरता मोजलं. "आज नाय तर सोमवारी," गुरुजी म्हणाले आणि बसस्टँडकडं गेले.

सोमवारी गिऱ्हाईक फिरकलं नाही, मंगळवारी भाव पडला आणि पडतच गेला. महिन्याभरानं वॉचमन म्हणाला, "खाणीत पाणी भरलं जी. पंप बंद आहे, आमचे पगारही बंद." त्यानंतर बाजारानं त्या शेअरचे व्यवहारच थांबवले. आता तो विकायचा म्हटला तरी विकता येईना. गुरुजी सवयीनं आणखी दोन मंगळवार आले. पडद्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. मग यायचे थांबले.

शेअर वर गेला असता तर गुरुजी गेले असते, म्हणून मी तो अडवला. अडवला तरी ते गेलेच. शिवाय त्यांची खोलीही गेली.

दीड महिना मी तग धरला. मग विकलेल्या शेअरचे पैसे पाकिटात घालून कन्नडची गाडी पकडली. गुरुजी घरीच होते. पुढच्या खोलीत खाट, टीव्हीवर कुठलीशी मालिका, दोन नातवंडं खाटेवरच गृहपाठ करत बसलेली. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मला तिथूनच परतावंसं वाटलं. सुनेनं पोहे केले. बाई खरंच चांगली होती.

पोहे खाल्ल्यावर आम्ही दारातल्या पायरीवर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. दहा नव्वदचा मुडदा मीच, हेही. पाकीट पुढं केलं.

गुरुजींनी ते हातात घेतलं नाही. "ते तुमचे. रांगेत तुम्ही पुढं होता, तुमचा माल गेला." मग माझ्याकडं वळले. "पण का हो?"

"खोली झाली की तुम्ही यायचे थांबणार होता."

"म्हणून?"

"म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर मी हात जोडून ऐकल्या असत्या.

"अहो, मग तसं म्हणायचं होतं ना," ते म्हणाले. "गुरुजी, येत जा म्हणून. आलो असतो की मी. मला तरी कोण होतं? आणि खोली झाल्यावर पहिलं तुम्हालाच मुक्कामाला बोलावणार होतो. दोन खाटा टाकायच्या म्हणून तर माप जरा मोठं धरलं होतं."

आतून सुनेनं विचारलं, पाहुणे मुक्कामाला आहेत का. गुरुजींनी एकदा घरात बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "नाय. त्यांना सहाची गाडी हाय."