निळी खळ

१२ मे. पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. कसर लागलेली, पानं सुटलेली पुस्तकं रद्दीत टाकायची, एवढंच काम. त्यात शाळेच्या ग्रंथालयाचा ‘रद्द’ असा शिक्का मारलेलं एक पुस्तक निघालं. शिवणीपाशी फिकट निळा डाग. तो माझ्यामुळे पडलेला.

१९८४ साली मी घाटकोपरच्या शाळेत नववीत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ग्रंथपाल बाई आम्हा चार मुलींना घेऊन फाटकी पुस्तकं चिकटवत बसायच्या. जी दुरुस्त करेल तिने ते आधी वाचायचं, हा नियम. काही विचारलं तर उत्तर द्यायच्या नाहीत, कपाटाकडे बोट दाखवायच्या. आमची डोंगरावरच्या चाळीत एक खोली, माणसं सात. माझ्या हातात पुस्तक दिसलं की कुणाला तरी काम आठवायचं. वाचायला म्हणून मिळायचे ते हे शनिवारचे दोन तास.

खळ आम्ही आळीपाळीने घरून शिजवून आणायचो. मे महिन्याच्या सुट्टीआधी माझी पाळी होती. बाईंनी पुडीत मोरचूद दिलं. “शिजताना टाक. मग झुरळं खळ खात नाहीत.”

आईने ते निळे खडे पाहिले आणि पुडी मोरीत रिकामी केली. “माझ्या टोपात विख घालतंस गो?”

खळ पांढरी दिसली तर बाई मला काढून टाकतील, ही भीती. मी कपड्यांची नीळ चिमूटभर टाकली. रंग झकास आला.

जूनमध्ये कपाट उघडलं. नऊ पुस्तकांच्या शिवणी झुरळांनी कुरतडलेल्या. बाईंनी एक पुस्तक उजेडात धरलं, निळ्या डागावर ओलं बोट फिरवलं. निघताना मला एकटीला थांबवून रसायनशास्त्राचं जाड पुस्तक हातात ठेवलं.

“नीळ आणि मोरचूद यांत फरक काय, शोधून काढ. शनिवारी सांग.”

शनिवारी मी फरक सांगितला आणि त्याच दमात आईचा टोप, मोरी, सगळं सांगून टाकलं.

“मग टोप नाही म्हणून तेव्हाच सांगायचं ना, बावळट! माझ्याकडे आहे जुना.” मग म्हणाल्या, “नऊच्या नऊ तूच शिवायची आहेत. एकही शनिवार चुकवायचा नाही.”

मी एकही चुकवला नाही. आठ पुस्तकं वाचली. नववं फारच गेलं होतं. त्यावर ‘रद्द’चा शिक्का मारून बाईंनी ते मला दिलं. दहावीनंतर भेटायला गेले, तर त्या नोकरी सोडून गावी गेल्या होत्या. पत्ता कुणाकडे नव्हता. पुढे मोठमोठ्या ग्रंथालयांत बसले. तिथे विचारलं की लगेच उत्तर मिळतं. कपाटाकडे रोखलेलं ते बोट मात्र मी अजून शोधते.

१३ मे. सकाळी रंगाच्या दुकानातून मोरचूद आणलं आणि खळ शिजायला ठेवली. आई आता माझ्याकडेच असते. आतून ओरडली, “टोप खंयचो घेतलंस?”

“जुना, वेगळा ठेवलेला,” म्हटलं आणि ढवळत राहिले.