आमच्या गाडीचं खरंखुरं इंजिन

माझा धाकटा चुलतभाऊ न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीत आहे. दिवसभर संगणकावर कंटेनर इकडून तिकडे पाठवायचे, हे त्याचं काम. दमलेला जीव सुट्टीला आमच्याकडे श्रीवर्धनला येतो आणि आराम म्हणून गाड्या पळवतो. त्याही संगणकावरच.

गेल्या उन्हाळ्यात तो स्टिअरिंग आणि पेडल्स घेऊन आला आणि ते सगळं त्याने आमच्या जेवणाच्या टेबलाला पकडीने आवळून टाकलं. जेवण जमिनीवर आलं.

"दादा, हा खेळ नाही हं," तो मला म्हणाला. "हे सिम्युलेशन आहे."

दोन्हींतला फरक मला लवकरच कळला. खेळात मजा येते. इथे इंजिन गार असलं की ताकद देत नाही, तापलं की रुसतं आणि चुकीचा गिअर पडला की मरतं. खऱ्या आयुष्यात एकही इंजिन न उडवलेल्या मी चहा निवायच्या आत तीन उडवली.

"बघ, किती खरं आहे!" भावाला आनंदाचं भरतं आलं.

"ही गाडी तू कधी चालवलीस?" मी विचारलं.

"ही? हिच्या किमतीत आपली वाडी येईल."

"निदान बसलास तरी?"

"नाही."

"मग खरी आहे हे तुला कसं कळलं?"

  जेवून हात धुता धुता तो म्हणाला, "तुझी गाडी खेळात घालतो. ती तर तुला माहितीय ना? मग तूच सांग, खरी की खोटी."

माझी गाडी म्हणजे जुनी छोटी पेट्रोलची. पण आमच्या गाडीला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. भावाने डॅशबोर्डखाली एक डबी खोचली. इंजिनाचे फेरे ती त्याच्या मोबाइलला सांगणार होती. पाहुणा माणूस, म्हणून मी एसी लावला. मागे बायको बसली होती.

"वहिनी, वजन किती तुमचं? हिशेबात धरावं लागेल."

"माझं वजन तुझ्या खेळात जायचं नाही," बायको म्हणाली. तो विषय तिथेच संपला.

मग सरळ रस्त्यावर थांबायचं, जोरात पळवायचं, परत थांबायचं, असं आमचं संशोधन सुरू झालं. स्कूटरवरून जाणारा ओळखीचा एक बागायतदार वळून आला. "गाडी बंद पडली काय? धक्का मारू?" इंजिनाचा अभ्यास चाललाय, असं भावाने त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, नुसती मान हलवली आणि गेला.

पुढच्या महिन्यात भाऊ आमची गाडी खेळात घालून घेऊन आला. कुठल्यातरी परदेशी डोंगरातल्या शर्यतीत ती लाल-पिवळ्या राक्षसांच्या शेजारी उभी होती. मी स्टिअरिंग धरलं. दुसऱ्या गिअरमधलं ते कण्हणं, तिसऱ्यात गेल्यावर लागलेली ती धाप, सगळं ओळखीचं! क्षणभर मला भरून आलं. तेवढ्यात सगळे पुढे निघून गेले आणि चढावर आमची गाडी जवळजवळ थांबलीच.

"खोटं आहे हे!" मी ओरडलो. "आमची गाडी म्हसळ्याचा घाट चढते!"

"आकडे खोटं बोलत नाहीत, दादा."

"मग थोडी ताकद वाढव."

"वास्तवाशी तडजोड नाही," तो म्हणाला. न्यायाधीशही इतक्या गंभीरपणे निकाल देत नसतील.

बायको भाजी चिरायची टाकून आली. मला उठवून ती स्वतः बसली, चढापर्यंत गेली आणि इकडेतिकडे शोधायला लागली.

"अहो, यात एसी बंद कुठून करायचा? घाटाआधी आपण करतो ना?"

एसी इंजिनाची ताकद खातो. आणि सगळी मापं भावाने एसी चालू असताना घेतली होती. वास्तवाचा हा भाग त्याच्या सिम्युलेशनमध्ये राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, एसी बंद करून, सगळं पुन्हा मोजलं. घामाने भिजलेल्या आम्हा तिघांच्या बदल्यात इंजिनाच्या ताकदीच्या आलेखाची रेघ नखाएवढी वर गेली. आमची गाडी खेळातला डोंगर चढली. शेवटच्या नंबरावर, पण चढली.

भावाने मग ती गाडी इतरांना खेळायला इंटरनेटवर टाकली. कुठल्याशा परदेशी माणसाने लिहिलं, की थकलेल्या इंजिनाचा इतका खरा अनुभव आजवर कुणी दिला नव्हता. भावाने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे आपल्या गाडीत दम नाही हे आता परदेशातही कळलं," बायको म्हणाली.

मला मात्र अभिमान वाटला. पुढे गाडी विकायला काढली तेव्हा मी तो अभिप्राय गिऱ्हाइकाला मोठ्या हौसेने दाखवला. त्याने तो नीट वाचला, चहा प्यायला आणि घरी विचारून सांगतो म्हणाला. गाडी अजून आमच्याच अंगणात आहे.