खालच्या काकूंचं उखळ

खालच्या काकूंनी चार वर्षांत आमच्या दारावर एकदाही टकटक केली नाही. त्या चिठ्ठी चिकटवायच्या. सुबक अक्षरातलं जर्मन आणि मिनिटासकट वेळ. '७.४०: खलबत्ता. ७.४६: पुन्हा खलबत्ता.' चहात आलं ठेचून घालणाऱ्या माणसाची अशी दैनंदिनी आजवर कुणी ठेवली नसेल.

बाई जपानी. जर्मन माणसाशी लग्न करून इकडे आलेल्या आणि नवरा गेल्यापासून म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या. समोर आम्ही त्यांना 'फ्राउ' लावून आडनावानं हाक मारत असू. 'खालच्या काकू' हे नाव माझ्या बायकोनं, अंजलीनं, घरातल्या घरात पाडलं. त्यातला गोडवा फुकट गेला. आमचा दह्याचा डबा चुकीच्या कचऱ्यात पडला की काकू तो उचलत, धूत, पुसत आणि आमच्या पायपुसण्यावर आणून ठेवत. धुण्याचाच अपमान जास्त वाटायचा.

मी हे सगळं गिळत होतो, कारण आमचा भाडेकरार दोन-दोन वर्षांच्या मुदतीचा होता. घरमालक म्हातारे, राहायला श्टुटगार्टला. भाडेकरू कसे आहेत ते काकूंना विचारून ठरवणारे. म्युनिकच्या आसपास ज्यानं घर शोधलंय त्याला बाकीचं सांगायला नको. आमच्या मुलीचा, रेवाचा, किंडरगार्टन रस्त्यापलीकडे होता, माझं ऑफिस ऊ-बान मेट्रोनं वीस मिनिटांवर. काकूंनी एक ओळ खरडली की हे सगळं गेलं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच डिसेंबरात त्यांनी मला जिन्यात गाठलं. वर्ष सरताना त्यांच्यात भात कांडायची रीत. नवरा हातोडा चालवायचा, आता कुणी नाही. "तुमच्या चालण्याच्या आवाजावरून तुमच्यात जोर असावा," त्या म्हणाल्या. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मागच्या अंगणात तिथल्या विद्यापीठाच्या कॅम्पसमधली सात-आठ जपानी कुटुंबं जमली होती. मधोमध लाकडी उखळ, त्यात वाफाळलेला चिकट भात. एकानं लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं मारायचं आणि दुसऱ्यानं दोन घावांच्या मध्ये ओल्या हातानं गोळा उलटायचा. तयार होते ती मोची. तिचे दोन गोळे एकावर एक रचून नव्या वर्षाच्या देवापुढे ठेवतात. परक्या देशात आणखी तिसऱ्याच देशाचा सण करायला मी उभा. जोर दाखवायला पहिलाच घाव असा घातला, की शितं उडून काकूंच्या चष्म्यावर बसली. भात आधी हातोड्यानं दाबून मळायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "आधी दाबा, मग मारा," काकू म्हणाल्या. पुढे दर डिसेंबरात मला हेच वाक्य ऐकावं लागलं, गरज असो वा नसो.

रेवा त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायला लागली. काकू तिला मोचीचे वाटाण्याएवढे तुकडे करून देत आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नसत. घरात मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी एके दिवशी खालून जपानी आकडे शिकून आली, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

चौथ्या डिसेंबरात, नेमकं कांडणाच्या सकाळी मालकांचं पत्र आलं. मुलीच्या धावण्याचा खालच्या मजल्याला त्रास होतो, तेव्हा करार वाढवणार नाही. पत्र खिशात घालून मी खाली गेलो, ते चारचौघांत काकूंना जाब विचारायलाच. विचारलाही.

"मालकांनी विचारलं, मी खरं ते लिहिलं," काकू म्हणाल्या. "हातोडा घ्या. भात निवतोय."

आणि बाईंनी उखळात हात घातला. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊन चालत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे हात त्यांचा होता आणि मुसळ माझ्याकडे. मी मारत सुटलो. घाव जरासा लवकर आणला तर, असं दर खेपेला मनात येत होतं, आणि येतंय हे बाईंना कळत होतं. त्या उखळाकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हात मात्र बरोबर वेळेला आत जात होता, बाहेर येत होता.

"बास," शेवटी त्या म्हणाल्या. "चार वर्षांत आज पहिल्यांदा नीट कांडलंत."

हातोडा टाकून मी वर आलो. मला माझीच भीती वाटली होती, आणि त्यांना माझी अजिबात वाटली नव्हती, याचा संताप आणखी वेगळा.

मार्चमध्ये आम्ही डार्मश्टाटला आलो. नोकरी नवी, शाळा नवी. काकूंचा निरोप घ्यायला अंजली रेवाला घेऊन गेली; मी खोकी बांधत बसलो.

त्या डिसेंबरात एका दुपारी त्यांचा फोन आला. कसे आहात, काय चाललंय, काही नाही.

"उद्या कांडायचंय. तांदूळ भिजवू का?"

डार्मश्टाटहून गार्चिंग म्हणजे गाडीनं चार-पाच तास, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी मला विचारून करायची ठरवलेली ही पहिलीच गोष्ट. 'या' हा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाही, त्याऐवजी त्या हे विचारतायत, हे मला चांगलं कळलं. कळूनही मी "नको" म्हणालो.

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या अंगणात तेव्हापासून कांडण झालं नाही, असं कॅम्पसमधल्या एकानं पुढे सांगितलं. काकू गेल्याचंही त्यानंच कळवलं.

मला त्यांचा राग आजही आहे. आमचं घर त्यांनी घालवलं, आणि ते मी विसरणार नाही. पण त्या दुपारी अंजलीनं स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाचा फोन होता, तेव्हा मी राँग नंबर म्हणालो. तिला अजून ते खरं वाटतं.