सतरा तास

वनाकाकाचा फोन आला तेव्हा सपना तांब्याच्या पत्र्याचा तुकडा भट्टीत ठेवून नुकतीच मागे वळली होती. दुपारचे चार वाजले होते. "बाळा, यादवला दवाखान्यात नेलंय, तू ये," काका म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं. भट्टी तशीच चालू ठेवून तिने जळगावच्या स्टँडवरून यावलची एसटी धरली.

यादव तिचा भाऊ, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये हमाल होता. क्रेट उचलता उचलता खाली बसला तो उठलाच नाही.

यादवच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पंधराव्या दिवशी सपना कॉलेजच्या प्रयोगशाळेत परतली. चार वर्षं ती एकाच कामाला लागली होती: पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तांब्यातून वीज खेळवायची आणि त्या वायूचं इथिलीन करायचं. यादवच्या चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच हा वायू. तिच्या तांब्यावर मात्र हायड्रोजनच फार निघे. इथिलीन शेकडा पाचच्या वर कधी गेलं नव्हतं.

भट्टीतला तुकडा काळा ठिक्कर पडला होता. टाकून द्यावा एवढाही विचार तिने केला नाही. हाताला लागला म्हणून जोडला. वीज सुरू होताच काळा थर उतरून खाली खडबडीत तांबं दिसू लागलं. तासाभराने यंत्राने आकडा दाखवला. शेकडा एकतीस.

तिच्या मार्गदर्शक चेलना मॅडम धावत आल्या. "सपना, अगं हे काय केलंस तू?"

"भट्टीत जास्त वेळ राहिला."

"किती वेळ? दोनच तास ठेवायचा होता ना?"

सपनाने सुनंदाबाईंना विचारलं. त्या दुसऱ्या दिवशी झाडायला आल्या होत्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. भट्टी त्यांनीच बंद केली होती.

"सतरा तास," सपना म्हणाली.

"पण सतराच का? शोधनिबंधात कारण द्यावं लागेल."

"फोन आला होता, मॅडम."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात सपनाला दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर असल्यासारखा वाटला.

पुढच्या आठवड्यात तिने आणखी तीन तुकडे सतरा सतरा तास तापवले. तिन्ही वेळा आकडा तिशीच्या आसपास आला. निबंध लिहून झाला. कारणाच्या जागी मॅडमनी पृष्ठभागाबद्दल दोन परिच्छेद घातले, आणि ते खरेही होते.

रविवारी ती घरी गेली. "काम जमलं, आई," तिने सांगितलं.

"बरं झालं," द्रौपदाबाई म्हणाली आणि तिने ताट वाढलं. सपनाने दोन भाकरी खाल्ल्या. भाजी कशाची होती, ते तिला बसमध्ये बसल्यावर आठवेना.