उचलणं मामांचं, वळवणं आमचं

परळच्या ज्या इस्पितळात मी आया होते, तिथे पेशंटला पलंगावरून ट्रॉलीवर घेतलं की ते उचलणं, आणि ते काम मामांचं, म्हणजे वॉर्डबॉयचं. तोच पेशंट पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर करायचा, ती मात्र सेवा. ती आम्हा मावश्यांची. हा कायदा करणाऱ्याने जन्मात कोणाची कूस बदलली नसणार.

आमच्या बायकांच्या वॉर्डात माटुंग्याच्या एक बाई होत्या. अर्धांगवायू झालेला, वजन नव्वदच्या वर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना वळवायचं. जोडीची मावशी रजेवर, म्हणून मी एकटी. मामांना हाक मारली, तर ते दारातूनच म्हणाले, "मावशी, लेडीज पेशंटच्या अंगाला हात लावायचा आम्ही? बरं दिसतं काय?" उचलली जीभ लावली टाळ्याला. आदल्याच दिवशी एक्स-रेला नेताना याच मामांनी याच बाईंना काखेत हात घालून ट्रॉलीवर घेतलं होतं. नंतर अर्धा तास खांदा चोळत बसले, आणि सिस्टरनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

असं एकटीने करता करता तिसऱ्या आठवड्यात बाईंना वळवताना माझ्या कमरेत कळ आली, आणि कंबर गेलीच. भोईवाड्याच्या चाळीतले जिने मी बसत बसत चढले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, 'हलके काम द्यावे.' हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एका मामांना अशाच चिठ्ठीवर ओपीडीच्या दारात खुर्ची मिळाली होती. मला स्टूल चाललं असतं.

चिठ्ठी घेऊन इन्चार्ज सिस्टरपुढे उभी राहिले. तीही पेशंट वळवत वळवतच वर आलेली, तिला तरी कळेल असं वाटलं.

"मावशी, वजन उचलायचं काम तुमच्याकडे आहेच कुठे? मग कंबर कशी गेली? घरी पाणी भरता ना?"

"बाईंना वळवताना गेली."

"ते काय उचलणं झालं का?"

मामांचा आला नव्हता इतका राग मला तिचा आला. तिने चिठ्ठीखाली लिहिलं, 'सध्याचे काम हलकेच आहे.' सही केली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "जा आता. बाईंना वळवायची वेळ झाली."