मिरचीच्या गावाला पाहुणी

आमच्या घरी फ्रीज नाही, हे मला माहीत होतं. तरीही कॉलेजच्या सहलीहून मी फ्रीजला चिकटवायचं लोहचुंबक आणलं. त्यावर लेण्यांचं रंगीत चित्र होतं. दुकानासमोर सगळ्या मुली तेच घेत होत्या, आणि दुसरं काय घ्यावं हे मला कुठे ठाऊक होतं? कुठे गेलं की आठवण म्हणून घरी काहीतरी न्यायचं असतं, एवढंच नव्यानं कळलं होतं.

बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"हे करते काय?"

"चिकटते."

"कायले?"

मी घरभर नजर फिरवली आणि धानाच्या पत्र्याच्या कोठीला ते लावून दाखवलं. बाबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी ते त्याला दोरी बांधून अंगणात सांडलेले खिळे गोळा करत होते.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढ्यांदा तेलंगणात गेली मी, मले नाई कोणी असं चित्र देल्लं."

ती थट्टेनंच म्हणाली असावी. पण माझ्या मनात ते राहून गेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे दूरचा प्रवास केलेलीही मीच पहिली, असं मी न विचारताच धरून चालले होते. खरं तर आई माझ्या कितीतरी आधीपासून दुसऱ्या राज्यात जात होती. आमच्या भागात धान निघालं की बायका टोळीनं मिरची तोडायला तेलंगणात जातात. पहाटे पिकअप येते, मागे सगळ्या दाटीवाटीनं बसतात, वरून ताडपत्री टाकतात आणि गाडी सिरोंचाच्या रस्त्याला लागते. तोडणी संपेपर्यंत घरी मी आणि बाबा. आई परत यायची तेव्हा तिच्या अंगाला मिरचीचा असा वास असायचा की जवळ गेल्यावर मला शिंका यायच्या.

तिकडून ती काय आणायची? मजुरीत मिळालेल्या मिरच्या. एकदा तेलुगू अक्षरं छापलेलं मोठं पोतं आणलं, ते न्हाणीच्या दाराला पडदा म्हणून लागलं. शिवाय थोड्या तेलुगू शिव्या, ज्या ती फक्त बकरीला द्यायची. यातलं काहीच आठवण म्हणून आणलेलं नव्हतं.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर माझ्या फोनवर एक पत्रिका आली. वर देवाचं चित्र, खाली सगळं तेलुगूत. मागोमाग एका मुलीचा आवाज आला, हिंदीत: "दीदी, मेरी शादी है. अम्मा को लेके आना. जरूर."

आई ज्यांच्या शेतात तोडणीला जायची, त्या मालकिणीची ती मुलगी. लहानपणी ती संध्याकाळी मजुरांच्या पालापाशी यायची आणि आईच्या हातची जवसाची चटणी नुसतीच चाटत बसायची, एवढं मला आईकडून माहीत होतं. मागच्या तोडणीत तिनं आईकडून माझा नंबर घेतला होता.

आईनं तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. बाबा खाटेवरून म्हणाले, "लग्नाले बोलावलं का लग्नाच्या कामाले, ते विचार आधी."

"लग्नाले म्हणून राह्यली ना ते पोरगी."

"पोरगी म्हणते. तिची माय काय म्हणते? शंभर माणसांचा सैपाक, भांडे घासाले कोणी पाहिजे का नाई?"

आईनं फोन माझ्या हातात परत दिला. पण त्या दिवसापासून तिला तोच एक प्रश्न लागून राहिला. जायचं तर तिला होतं. फक्त तिकडे पोचल्यावर आपल्याला कुठे बसवतील, पुढच्या मांडवात की मागच्या चुलीपाशी, हे तिला कळत नव्हतं. "कामाले बोलावलं असन तरी जाईन," ती म्हणायची. थोड्या वेळानं म्हणायची, "पण मंग तुले काऊन नेऊ सोबत?"

आहेराला तिनं पाणी भरायचा स्टीलचा गुंड घेतला. आमच्याकडे भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालूनच देतात. दुकानातला नाव घालणारा माणूस मशीन हातात घेऊन म्हणाला, "बाई, भाऊचंच नाव टाकू ना?"

"भाऊ कवा गेले तिकडे तोडणीले?" आई म्हणाली. "माह्यं टाका."

तो माझ्याकडे पाहून हसला आणि आईचं नाव घातलं. घरी बाबांनी गुंड फिरवून सगळीकडून पाहिला आणि म्हणाले, "माह्यं नाव आतून टाकलं का मंग?"

निघताना आईची पिशवी मी भरायला घेतली, तर तिनं ती हिसकावून घेतली. तिनं काय भरलं ते मला एसटीत कळलं. वर लग्नात नेसायचं लुगडं नीट घडी घातलेलं, चटणीची बरणी, आणि अगदी तळाशी तोडणीला लुगड्यावरून घालायचा तिचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"हे काऊन घेतलं?" मी विचारलं.

"असू दे. पोचल्यावर कळन काय घालाचं ते."

मला तिला धीर द्यायचा होता. पण काय सांगणार? मलाही खात्री नव्हती. मी पिशवीचं तोंड बांधून ती पायाशी ठेवली.

गाव सिरोंचाजवळच्या गोदावरीच्या पुलापलीकडे, आणखी बरंच आत होतं. आम्ही पोचलो तेव्हा दारात रांगोळी, केळीचे खांब, पिपाणीचा आवाज आणि सगळी अनोळखी माणसं. आईनं वाटेतल्या बस स्टँडवर चांगलं लुगडं नेसलं होतं. तरी ती दारातून आत गेली नाही. घराला वळसा घालून ती सरळ मागच्या बाजूला गेली, जशी दरवर्षी जात असावी. मी गुंड कडेवर घेऊन तिच्या मागे.

मागे मोठ्या चुली पेटल्या होत्या. बाया कांदे सोलत बसल्या होत्या, आणि त्यातल्या दोघी आईच्या ओळखीच्या निघाल्या. आमच्या शेजारच्या गावच्या, तोडणीत सोबत असणाऱ्या.

"आली का व? अन हे एवढं नटून कायले आली? कांद्यानं लुगडं खराब होईन."

आई हसली, खाली बसली आणि कांदा हातात घेतला. मला वाटलं, संपलं. उत्तर मिळालं. बाबांना आता काय सांगायचं, याचाच मी विचार करू लागले.

तेवढ्यात मालकीण बाहेर आली. ठेंगणी, गळ्यात हार, कपाळावर घाम. आईला पाहताच ती तेलुगूत मोठ्यानं काहीतरी बोलली. तो आवाज रागाचाच होता. आई कांदा टाकून उभी राहिली. मालकिणीनं तिचं मनगट धरलं आणि तिला घरातून ओढत पुढे नेलं. मी घाबरून मागे धावले.

पुढच्या खोलीत बायका ओळीनं बसल्या होत्या. मालकिणीनं आईला एका खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसली, हळदीची वाटी ओढली आणि आईचा पाय हातात घेतला. तिकडे लग्नाला आलेल्या बाईच्या पायांना हळद लावतात, हे मला मग शेजारच्या बाईनं हिंदीत सांगितलं. आईला ते आधीपासून माहीत असावं, कारण तिनं पाय झटकन मागे ओढला.

"नाई, नाई. टाचा फुटल्या आहेत माह्या."

मालकिणीला मराठी किती कळत होतं देव जाणे. तिनं पाय पुन्हा पुढे घेतला आणि टाचेपासून बोटांपर्यंत हळद लावली, भेगांमध्येसुद्धा. आई आधी ताठ बसली होती. मग तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की काय म्हणून मी वाकून पाहिलं.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या, माय," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. मालकीणही हसली. ओळीतल्या बायकाही हसल्या.

मग मालकीण रागानं का बोलली होती? नवरीनं नंतर मला सांगितलं: "अम्मा सामने से क्यों नहीं आई, इसलिए मेरी माँ डाँट रही थी."

आई पहिल्या पंगतीत जेवली. स्टेजवर गेली, गुंड नवरीच्या हातात दिला, तिचा फोटो काढला गेला. नवरीनं चटणीची बरणी कुणालाही न देता आपल्या बॅगेत ठेवली. पण मला खरं सांगायचं तर मागच्या बाया कांद्यापाशीच होत्या, आणि त्यांच्या पायांना कुणी हळद लावली नव्हती. आईलाही ते दिसत होतं. जेवण झाल्यावर ती पिवळ्या पायांनी मागे गेली आणि त्यांच्यात बसली.

"आता काऊन आली इकडे?" त्यांच्यातली एक म्हणाली. "जाय, खुर्चीवर बैस. पाय पहा हिचे, नवरीच होये जशी."

"खुर्चीवर बसून कंबर दुखली माही," आई म्हणाली आणि विळी पुढे ओढली. तिला तसं बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या मनात आलं तेव्हा ती उठलीही.

निघताना मालकिणीनं पिशवी दिली: नारळ, विड्याची पानं, ब्लाउजपीस आणि झाकणाचा छोटा स्टीलचा डबा. डब्यावर तेलुगूत काहीतरी कोरलेलं होतं. आईनं डबा माझ्यापुढे धरला. "वाच." मला त्यातलं एक अक्षरही येत नव्हतं. आम्ही दोघीही त्याकडे सारख्याच पाहत राहिलो.

परतताना बस कालेश्वरला थांबली. तिथून रिक्षानं पूल ओलांडला की सिरोंचा. आई म्हणाली, "इथी थांबाचं का थोडं?"

"काऊन?"

"हे गाव दरसाल लागते. पण ताडपत्रीखालून काय दिसते? अन गाडी मुकडदमाची, तो कायले थांबू देते? आज आपल्याले कोणाची घाई नाई."

आम्ही नदीकडे गेलो. गोदावरी खूप रुंद होती. आई काठावर उभी राहून इकडून तिकडे बघत राहिली, जणू ती कुठून येते ते तिला आजच पाहायचं होतं. मग दुकानांची रांग लागली. तिनं झारा हातात घेऊन पाहिला, चाळणी वाजवून पाहिली, तवा हातात तोलून पाहिला. मला वाटलं, आता ती तवाच घेणार.

ती बांगड्यावालीसमोर जाऊन बसली.

"हिरव्या," ती म्हणाली. "काचेच्या. दोनी हात भरून."

मिरचीच्या तोडणीत काचेच्या बांगड्या टिकत नाहीत, म्हणून आईच्या हातात नेहमी प्लॅस्टिकच्या असत. बांगड्यावालीनं तिचा पंजा दाबून पाहिला, पुन्हा दाबला. "हाथ नरम करो, अम्मा."

"नरम कुठून आणू? असेच आहेत," आई म्हणाली. दोघींनी मिळून ओढाताण केली. एक बांगडी फुटली, बाकीच्या चढल्या.

सिरोंचाहून एसटी मिळाली. जागा मागच्या बाकावर, आणि रस्ता तर आमचाच, खड्ड्यांचा. आईनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, काचेला काच लागू नये म्हणून.

"अन तोडणीले जाशीन तवा?" मी विचारलं.

"तवा काढून ठेवीन. आल्यावर घालीन परत." तिनं बांगड्यांकडे पाहिलं. "फुटल्या त फुटल्या. आज त आहेत ना हातात."

गाडीनं मोठा हिसका दिला. तिला दांडा धरता येत नव्हता. मी एका हातानं समोरचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं तिला.