पाच गाड्या, एक स्टेपनी

आमच्या स्टँडवर किस्से गाडीसारखेच भरतात. परवानगी नऊची अन् बसतात अठरा! एक सांगाले घेतला की दुसरा त्याच्या मांडीवर येऊन बसते, तिसरा मागं लटकते. नंबर लागाले दोन-दोन तास जातात, मोबाइलची बॅटरी संपते, मंग माणसं एकमेकांशी बोलाले लागतात. पण एक सांगतो, आमचे सारे किस्से एकाच गोष्टीतून निघतात. भेव.

दारव्हा ते बोरी अरब, पाच काळी-पिवळी जीपा. त्यातली एक माही, एक प्रेम राठोडची, अन् पाचवी गजूमामाची. गजूमामा म्हणजे माह्या आईचा सख्खा भाऊ. गाडी मले त्यानंच शिकवली. अन् मामाच्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपून सात महिने झालते. सापडली तं जप्त!

जप्त म्हणजे काय, हे आमाले चांगलं माहीत आहे. रफिकभाईची गाडी ठाण्याच्या मागं उभी आहे. बोनेटमधून निंबाचं झाड निघालं. मागच्या सीटवर कुत्रीनं दोनदा पिल्लं दिली. रफिकभाई आता दुसऱ्याचं ट्रॅक्टर चालवते अन् त्या रोडनं जातच नाई.

मामा मातर दर बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन उभा राह्यते. हात बांधून, चूपचाप, मसणात उभा राह्यल्यासारखा.

एकदा म्या विचारलं, "मामा, काय पाह्यते दर बाजाराले?"

"जागा," मामा म्हणे. "तिच्या बाजूची रिकामी आहे."

* * *

फिटनेस कायनं गेलं ते ऐका.

तालुक्याले आरटीओचा कॅम्प लागते. मैदानात गाड्या लाइनीत लावा, मंग साहेब येते. ब्रेक पाह्यते, लाइट पाह्यते, स्टेपनी पाह्यते, आग विझवाचा लाल सिलिंडर पाह्यते. आता आमच्या पाच गाड्यांत मिळून चांगली स्टेपनी एक अन् सिलिंडर एक. याले लपवाछपवी नाई म्हणत, ही आमची पद्धत आहे! ज्याची पासिंग, त्याच्या गाडीत सामान. नवरदेवाच्या शेरवानीसारखं, ज्याचं लग्न त्यानं घालाचं.

त्या वर्षी पाचही नवरदेवांचा मुहूर्त एकाच दिवशी निघाला!

साहेब पहिल्या गाडीचं सामान पाहून दुसरीच्या लाइटसमोर गेले की मी अन् प्रेम मागच्या बाजूनं वाकून स्टेपनी लोळवत न्यायचो. सिलिंडर प्रेमच्या शर्टात. लोकं त्याले विचारे, "प्रेमभाऊ, पोट कवा सुटलं?" दुसरी पास, तिसरी पास, चौथी पास. घामानं आमचे डोळे दिसेनासे झालते.

पाचवी मामाची. साहेबांनी स्टेपनीवर हात ठेवला अन् तसाच ठेवला.

"ही स्टेपनी गरम कशी हो? उभ्या गाडीत कुठं फिरून आली?"

साहेबांनी पेंटरले बोलावलं अन् स्टेपनीवर आडवा लाल पट्टा मारून घेतला.

"पुढच्या वेळी स्वतःची आणा. हिची-माझी आता ओळख झाली!"

तवापासून कॅम्पची तारीख निघाली की मामाले ताप भरते. नाटक नाई, खरा ताप! थर्मामीटरमधी दिसते.

* * *

मंग राह्यलं रोडवरचं फिरतं पथक. त्याच्यासाठी आमची खूण आहे. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरनं डोक्यावर हात ठेवला की समजाचं, पुढं टोपीवाले उभे आहेत. वापस फिर.

एक दिवस अशी हवा सुटली की पत्रे उडाले लागले. मामा सोळा सवाऱ्या घेऊन निघालता. पयला मोटरसायकलवाला आला, डोक्यावर हात. मागून दुसरा आला, त्याचाबी हात डोक्यावर. मंग सायकलवाला, मंग बंडीवाला. बंडीवाल्यानं तं दोन्ही हात ठेवलते!

"बापा!" मामा म्हणे. "पुरं यवतमाळ आलं वाटते!"

त्यानं गाडी सरळ कोणाच्या तरी तुरीत घातली. तूर पुरुषभर उंच, जीप दिसेनाशी झाली. सोळा माणसं तुरीत मुकाट्यानं बसली, तीन तास. त्यात एक पोट्टं पोरगी पाहाले चाललं होतं, नवा शर्ट घालून. ते पोचलं चार वाजता. तवरोक पोरीनं दुसऱ्याले पसंत केलं होतं.

पुढं पथक-बिथक काहीच नव्हतं. लोकं टोप्या धरून चालले होते.

पोट्टं अजूनबी मामाशी बोलत नाई. मामा म्हणते, "पण गाडी वाचली ना!"

* * *

दुसरी पद्धत बोरीच्या पुलाची. पथक पुलाजवळ उभं असलं की अलीकडे अर्ध्या सवाऱ्या उतरवाच्या. त्यायनं पैदल साहेबासमोरून निघून जाचं अन् पुलापलीकडे पुन्हा बसाचं. सवाऱ्यांनाबी सवय झाली. आमाले सांगावं लागत नाई, पूल आला की आपोआप उतरतात.

तांड्यावरची एक म्हातारी रोजची सवारी. तिच्या बंजारा गोरबोलीत आईले याडी म्हणतात, अन् आमी सारे तिले याडीच म्हणतो. त्या दिवशी याडी पुढं अन् मागं नऊ जणं, लाइनीत. बारा वाजताचं ऊन. साहेबांनी थांबवलं.

"आजी, कुठं चाललात?"

"बोरीले."

"पायी? अन् हे मागचे?"

"तेबी पैदल," याडी म्हणे. "आमाले चालाले आवडते बावा."

साहेब माणूस चांगला निघाला. त्याले वाईट वाटलं. त्यानं सरकारी गाडीत कोंबून-कोंबून दहाही जणांना बसवलं अन् बोरीत नेऊन सोडलं! मामा उरलेल्या सवाऱ्या घेऊन मागं-मागं. साहेब आता थांबते का मंग थांबते, या भेवानं त्याले ना पुढं जाता ये, ना मागं.

दुसऱ्या दिवशी याडी येऊन पुढच्या सीटवर बसली अन् मामाले म्हणे, "त्या गाडीत एसी होता रे. आजबी उतरव मले पुलाजवळ!"

* * *

आता माही करामत.

नाई सांगतली तरी चालते, पण पुढचं समजत नाई. एक दिवस नंबर काही लागत नव्हता. मामा प्रेमले सांगून राह्यलता की खाकी दुरूनच ओळखू येते, म्हणून आपुन वाचून राह्यलो. मले राहावलं नाई.

"मामा, खाकीचं काय घेऊन बसला?" म्या म्हटलं. "नवे साहेब आले. टेंभेकर. साध्या कपड्यात सवारी बनून फिरतात."

प्रेम म्हणे, "ओळखाचे कसे?"

म्या तिथल्या तिथं बनवला माणूस. चौकड्याचा शर्ट. हातात स्टीलचा डबा. डाव्या हाताची करंगळी अर्धी. पुऱ्या रस्त्यात एक शब्द बोलत नाई, अन् उतरल्यावर एकच म्हणते, "स्टेपनी दाखव."

तोंडावरची माशी हलू देली नाई म्या. मामाच्या हातातला चहा मातर हलला.

दुसऱ्या दिवशी बियाणं कंपनीचा एक पोरगा डबा घेऊन आला. त्याले पुढची सीट, गादी, पाण्याची बाटली! गाडीत मोजून नऊ माणसं. मामानं गाडी तीसच्या वर नेली नाई, अन् वळणावर तं हात बाहेर काढून इशारा देल्ला. पोरगा घाबरला. त्याले वाटलं आपल्याले पळवून नेऊन राह्यले. बोरीच्या आधीच उडी मारून पळाला, डबा गाडीतच!

मामानं तो डबा उघडून पाह्यला नाई. पुरावा म्हणून ठेवला असन असं त्याले वाटलं. आठ दिवसांनी वासानंच समजलं की भेंडीची भाजी होती.

* * *

लोकं हसले तवरोक मले मजा आली. मंग मजा कमी होत गेली.

महिन्याभरानं मी दिग्रसच्या स्टँडवर चहा पेत होतो. तिथला एक अनोळखी ड्रायव्हर मले हळूच म्हणे, "भाऊ, जपून राहा. टेंभेकर नावाचा साहेब फिरून राह्यला. करंगळी अर्धी आहे त्याची."

म्या म्हटलं, "हाव काय?"

"गाडीच्या दारात सापडली होती म्हणे. पोरगा होता तवा. मंग गाडीवाल्यांवर तवापासून राग."

हे म्या कोणालेच सांगतलं नव्हतं. करंगळी कायनं तुटली, याचा म्या इचारबी केला नव्हता. चहा आंबट लागला मले.

तिकडे मामाची हालत खराब. जेवण निम्मं झालं. घरात पाहुणा आला तरी पयले करंगळी पाहे. मामी मले म्हणे, "काहून रे, याले कोणाची नजर लागली का?" रफिकभाईच्या गाडीजवळ आता तो एका दिवसात दोनदा जाऊन राह्यलता. मले वाटलं, आता बस. गेलो, त्याच्या बाजेवर बसलो अन् सारं सांगून टाकलं.

"मामा, कोणी टेंभेकर नाई. म्या बनवला. शर्ट म्या, डबा म्या, करंगळी म्या. तुहे पाय धरतो, भेऊ नको."

मामानं माह्या डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"लेका," म्हणे, "माह्यासाठी किती खोटं बोलशीन!"

* * *

आता शेवटचा. मामाची गाडी कॅम्पमधी पास झाली, हे आधीच सांगून टाकतो, नाई तं तुमी भेत बसान. सोमवारी झाली. स्वतःच्या स्टेपनीवर झाली. ती स्टेपनी म्या आणून देल्ली, अन् काहून आणली ते मामाले आजवर सांगतलं नाई. कॅम्पच्या साहेबांनाबी म्या सहज विचारून पाह्यलं, की टेंभेकर म्हणून कोणी आहेत का तुमच्यात. साहेब म्हणाले, "या नावाचं आमच्याकडे कोणीच नाही."

त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट आहे. शनिवारची.

कॅम्प सोमवारी, म्हणून मामाले शनिवारीच ताप भरला. गाडीचे ब्रेक बोरीच्या मिस्त्रीले दाखवाचे होते, तं म्या म्हटलं मी नेतो. स्टेपनी लाल पट्ट्याचीच टाकली, सवयीनं. रस्त्यात हात दाखवणाऱ्याले नाई म्हणता येत नाई, तेबी सवयीनं. आठ झाले. नववा एका फाट्यावर उभा होता.

चौकड्याचा शर्ट. स्टीलचा डबा.

म्या मनातल्या मनात हसलो. असे शर्ट बाजारात ढिगानं मिळतात. तो पुढं येऊन बसला. डबा मांडीवर ठेवला अन् त्याच्यावर डावा हात ठेवला.

म्या मोजली. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी.

मागं याडी बसली होती. तिची रोजची वटवट सुरू होती, ती बंद झाली. म्या गाडी तीसवर आणली. पूल आला, कोणी उतरलं नाई. वळणावर माहा हात आपोआप बाहेर गेला, इशारा द्याले. त्या माणसानं एकदाबी माह्याकडे पाह्यलं नाई. समोर रोड पाहे, बस.

बोरीत सारे उतरले. याडी तं तिकिटाचं सुट्टं न घेताच गेली. तो शेवटी उतरला, फिरून माह्या खिडकीजवळ आला.

"स्टेपनी दाखव."

म्या उतरून दाखवली. त्यानं लाल पट्ट्यावरून ती अर्धी करंगळी फिरवली, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ही गजूची नाई," म्हणे. "सोमवारी त्याची स्वतःची आण. नाई आणली, तं रफिकच्या बाजूची जागा रिकामीच आहे."

जागेचं मामानं मले एकट्यालेच सांगतलं होतं.

तो डबा उचलून चालाले लागला. माह्या तोंडातून कसंबसं निघालं, "साहेब, मामाले नाव काय सांगू?"

तो थांबला. पयल्यांदा माह्याकडे पाह्यलं त्यानं.

"नाव तं तूच ठेवलं ना," म्हणे.